नावांचा व्यापार आणि घरातला पैसा

इंटरनेटवरची नावे स्वस्तात घेऊन ठेवायची आणि पुढे जास्त पैशाने विकायची, या धंद्यात खरेच काही मिळते काय, हा प्रश्न आजकाल आपल्या घरांतून निघू लागला आहे. जिथे पदवी झालेला मुलगा नोकरीची वाट पाहत हातात मोबाईल घेऊन बसला आहे, तिथे तर हमखास. मुदखेडला आमच्याच घरी गेली दोन वर्षे हा विषय चालू आहे. आमच्या धाकट्या भावाच्या मुलाने असली चौसष्ट नावे घेऊन ठेवली होती. आम्ही या विषयात शिरलो ते केवळ घरचे पैसे त्यात गुंतले म्हणून. वाचक बंधू-भगिनींपैकी कुणाच्या घरी हीच वेळ असेल तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. दुकानाला पाटी असते, घराला नंबर असतो, तसे इंटरनेटवर प्रत्येकाला एक नाव लागते. त्याला डोमेन म्हणतात. शेवटी डॉट कॉम, डॉट इन असे शेपूट असते. एक नाव जगात एकालाच मिळते. जो आधी मागेल त्याला मिळते, आणि ते मागताना शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सात-बारा काही लागत नाही. पहिल्या वर्षी दीडशे-दोनशे रुपयांतही एखादे नाव हाती येते. मग ते धरून बसायचे आणि ज्याला त्याची गरज पडेल त्याच्याकडून पाच-पन्नास हजार घ्यायचे, असा हा हिशेब.

पुतण्या आम्हाला म्हणाला, "काका, जमीन घ्यायची आपली ऐपत न्हाई. हे इंटरनेटवरचं पलाट हाय समजा. इथं कुणी आडनाव इचारीत न्हाई."

त्याचे हे शेवटचे वाक्य आमच्या मनाला लागले, हे आम्ही कबूल करतो. आपल्या माणसाला नांदेडात भाड्याची खोली बघताना आजही आडनाव विचारले जाते. प्लॉट घ्यायला गेले तर "तो कालच बुक झाला" असे ऐकावे लागते. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली आपल्या लोकांनी तुरुंग भरले. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी गायरानाच्या तुकड्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अशा घरातल्या पोराला, जिथे जात आड येत नाही अशी मालमत्ता दिसली तर तो तिकडे धावणारच. त्याला आळशी किंवा लोभी म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही.

परंतु जमीन आणि नाव यांत एक मोठा फरक आहे, आणि तो जाहिरातीत सांगत नाहीत. नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते. एका वर्षाचे भाडे भरा किंवा फार तर एकदम दहा वर्षांचे भरा. मुदत संपली आणि भाडे भरले नाही की काही दिवस सवलत मिळते, नंतर दंड भरून सोडवून घ्यायला तीस दिवस, आणि मग ते नाव पुन्हा बाजारात. गायरान दोन वर्षे पडीक राहिले तरी तिथेच असते. त्यात शेळी चरते, ज्वारी टाकली तर ज्वारी येते. नावात काही उगवत नाही.

आपल्या मुदखेडकरांना हे फुलांच्या भाषेत लवकर कळेल. आपल्याकडचा काकडा, मोगरा, गलांडा पहाटे तोडून नांदेडच्या बाजारात जातो. त्या दिवशी गेला तर सोने, नाही गेला तर संध्याकाळी उकिरडा. तोडणीला जाणाऱ्या आपल्या बाया हे रोज पाहतात. नावाचे आयुष्य फुलाहून मोठे, वर्षभराचे, एवढाच फरक. मात्र फूल निदान कुठल्या तरी भावाने जातेच. नाव घेणारा कदाचित जगात एकच असतो, आणि तो जन्माला आला आहे की नाही हेही ठाऊक नसते.

आता पैसा कुणी कमावला ते सांगायला हवे, नाहीतर आम्ही एकाच बाजूने बोलतो असे होईल. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेत नोंदले गेले. पुढची दहा वर्षे ही नावे फुकट मिळत होती, १९९५ साली फी सुरू झाली. त्या काळात ज्यांनी साधे इंग्रजी शब्द धरून ठेवले त्यांचे नशीब फळफळले. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला विकले गेले आणि दोनच वर्षांनी, १९९९ साली, पंच्याहत्तर लाख डॉलरला. आपल्या मुंबईतलेही उदाहरण आहे. शादी डॉट कॉमचे अनुपम मित्तल यांनी जाहीरपणे सांगितले आहे, की कंपनीकडे सारे मिळून तीस हजार डॉलर असताना त्यांनी पंचवीस हजार डॉलर त्या एका नावासाठी मोजले. ज्याने ते नाव विकले त्याला ते पैसे मिळालेच.

पुतण्या ही उदाहरणे तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आम्ही त्याला एवढेच विचारले, की १९८५ ते १९९५ या काळात आपण कुठे होतो? भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोठ्या शहरांत. तेव्हा आपल्या वस्तीत साधा फोन नव्हता. तार आली की रडारड सुरू व्हायची, असे ते दिवस. चांगली, छोटी, लोकांच्या तोंडी असलेली नावे तेव्हाच वाटली गेली. आज जगात पस्तीस कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत, त्यांत निव्वळ डॉट कॉमचीच पंधरा कोटींवर. आता जे उरले आहे ते दोन-तीन शब्द जोडून केलेले किंवा स्पेलिंग ओढूनताणून बसवलेले. वतनदारांनी काळी कसदार जमीन आधीच घेतली आणि आपल्याला माळ दाखवला, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे कुणी जात पाहून डावलले नाही, आपण पोचलोच उशिरा.

मराठी नावांचे तरी काय, असे कुणी विचारील. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत ही सोय झाली आहे आणि त्यात मराठीही आहे. पुतण्याने त्यातलीही सहा नावे घेतली होती. वाचायला फार गोड वाटतात. पण मोबाईलवर पत्ता टाकताना आपल्यापैकी किती जण देवनागरीत टाकतात? त्या सहा नावांसाठी दोन वर्षांत एकही माणूस फिरकला नाही.

आता हिशेब. एका रविवारी आम्ही पुतण्याला वही घेऊन बसवले. शेजारी त्याची आई बसली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि पैसे बरेचसे तिचेच होते.

चौसष्ट नावांपैकी चाळीस डॉट कॉमची, बाकी चोवीस डॉट इन आणि डॉट भारतची. पहिल्या वर्षी सवलतीत सगळी मिळून एकतीस हजार रुपयांना पडली. दुसऱ्या वर्षी सवलत नाही. डॉट कॉमचे नूतनीकरण करासह साडेबाराशे रुपये, म्हणजे चाळीस नावांचे पन्नास हजार. बाकीच्यांचे सरासरी साडेआठशे, म्हणजे वीस हजार चारशे. एकूण सत्तर हजार चारशे. दोन वर्षांत गेले एक लाख एक हजार चारशे रुपये. विकले गेले एकच नाव. लग्नमंडपाच्या फुलांच्या सजावटीला शोभणारे ते नाव एका व्यावसायिकाने चौदा हजाराला घेतले. ज्यांच्यामार्फत व्यवहार झाला त्यांनी वीस टक्के कापून घेतले. हातात आले अकरा हजार दोनशे.

वहिनी वहीकडे बघत म्हणाली, "दादा, म्हंजी नव्वद हजार गेले म्हना की."

पुतण्याचे म्हणणे, हा धंदा धीराचा आहे आणि नावे थोडी आहेत म्हणून चालत नाही, दीडशे केली की चालेल. त्यासाठी आईच्या नावावर बचत गटातून दीड लाख उचलायचे. गटाचे व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार.

या धंद्यात मुरलेले लोकच सांगतात, की शंभर नावांमागे वर्षाकाठी एखाद-दुसरे विकले जाते. तोच आकडा धरू. चौसष्ट नावांत वर्षाला एक विकले गेले असे समजा. वर्षाचे भाडे सत्तर हजार चारशे. दलालाचे वीस टक्के जाऊन तेवढे हाती यायचे, तर ते एक नाव अठ्ठ्याऐंशी हजारांना गेले पाहिजे. इतके करून नफा शून्य, नुसती बरोबरी. शिवाय जे विकेल ते कोणते, हे आधी कळत नाही. म्हणून बाकीच्या त्रेसष्टांचे भाडे भरत बसावे लागते. दीडशे नावे केली की विक्री दुप्पट होईल, पण भाडेही दुप्पट होईल आणि वर व्याज. ज्याच्याकडे दहा वर्षे वाट पाहण्याइतका रिकामा पैसा आहे, इंग्रजी पक्के आहे आणि कोणत्या गावात कोणता धंदा वाढतो आहे याची माहिती आहे, त्याला हा व्यापार जमू शकतो. जमलेले लोक आहेत. पण तो रिकामा पैसा असतो, पोटातला नव्हे.

मग बिनधोक कोण कमावतो? बाजारात अडत्या बसतो तो. शेतकऱ्याच्या फुलाला भाव येवो न येवो, अडत कापलीच जाते. नावांच्या बाजारात नाव नोंदणाऱ्या कंपन्या आणि व्यवहार जुळवणारे तसेच आहेत. याचे एक नामी उदाहरण वाचनात आले. कॅरिबियन समुद्रात अँग्विला नावाचे चिमुकले बेट आहे, लोकसंख्या आपल्या मुदखेड शहरापेक्षाही कमी. फार वर्षांपूर्वी वाटपात त्यांच्या वाट्याला डॉट एआय हे शेपूट आले. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला झाला, तिचे इंग्रजी आद्याक्षर नेमके तेच, आणि जगभरातून नोंदणीची रांग लागली. २०२३ साली त्या बेटाच्या सरकारला त्यातून सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. नावे घेणाऱ्यांपैकी किती जणांना फायदा झाला कोण जाणे. बेटाला मात्र प्रत्येक नावामागे झाला.

कायद्याची बाजू तर पोरे मुळीच पाहत नाहीत. पुतण्याच्या यादीत तीन नावे एका मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती होती, एखादे अक्षर इकडचे तिकडे. एके दिवशी त्या कंपनीच्या वकिलाचे इंग्रजी पत्र मोबाईलवर आले. वहिनीला वाटले पोलीस येणार. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

आम्ही ते पत्र घेऊन नांदेडला आपल्या ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितले. हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' असे नाव दुसऱ्यांनी नोंदले होते. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना ते वापरण्यास मनाई केली. इंटरनेटवरचे नाव हा नुसता पत्ता नसून धंद्याच्या पतीइतकेच त्यालाही संरक्षण आहे, असा त्या निकालाचा आशय. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ही नावे व्यापारचिन्हाच्या तत्त्वांनी संरक्षित केली. अमेरिकेत १९९८ साली पॅनाव्हिजन कंपनीचे नाव धरून तेरा हजार डॉलर मागणारा मनुष्य कोर्टात हरला. जगभरच्या अशा भांडणांसाठी १९९९ पासून लवादाची पद्धत आहे. नाव दुसऱ्याच्या चिन्हाशी गोंधळ होईल इतके सारखे आहे काय, घेणाऱ्याचा त्यावर काही न्याय्य हक्क आहे काय, आणि ते वाईट हेतूने घेतले काय, या तीन गोष्टी पाहतात. चिन्हाच्या मालकालाच विकून पैसे काढण्यासाठी नाव घेतले असेल तर तोच वाईट हेतू ठरतो. म्हणजे आमचे पोर ज्याला हुशारी समजत होते, तेच त्याच्याविरुद्धचा पुरावा. वकीलसाहेबांनी सांगितले, पैशाची गोष्ट काढू नका, नावे सोडून देतो असे लिहा. तसे लिहिले, आणि प्रकरण मिटले.

तरुणांच्या तोंडी २०२४ सालचे जिओ-हॉटस्टारचे प्रकरण फार असते. दोन कंपन्या एकत्र येणार असे हेरून दिल्लीच्या एका तरुणाने आधीच, २०२३ साली, ते जोडनाव नोंदून ठेवले होते. त्याने परदेशातल्या शिक्षणाच्या खर्चापोटी सुमारे एक कोटी रुपये मागितले. कंपनीने नकार देऊन कायदेशीर कारवाईची भाषा केली. नंतर ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेले, त्यांनी ते फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने त्याच नावाने आपली सेवा सुरू केली. त्या तरुणाने शिक्षणासाठी मागितले म्हणून आम्हालाही वाईट वाटले. पण एक कोटी मिळाले असे जे पोरे एकमेकांना सांगतात, तसे घडले नाही.

आणखी एक सापळा सांगून ठेवतो, कारण त्यात पुतण्या थोडक्यात वाचला. ई-मेल येतो, "तुमचे नाव चार हजार डॉलरला घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, मात्र आधी अमुक ठिकाणाहून किमतीचा दाखला आणा." दाखल्याची फी आठ-दहा हजार रुपये. फी भरली की गिऱ्हाईक गायब, कारण दाखला देणारा आणि गिऱ्हाईक एकाच घरचे असतात. असा ई-मेल कुणाच्या मुलाला आला असेल तर एक पैसाही पाठवू देऊ नका. तसेच मोबाईलवर फुकटात नावाची किंमत सांगणारी यंत्रे असतात. पुतण्याच्या एका नावाला यंत्राने अकराशे डॉलर किंमत दाखवली होती, आणि तो आकडा त्याने आईला दाखवून पैसे मागितले होते. यंत्र किंमत सांगते, विकत घेत नाही.

आता ज्या गोष्टीवरून घरात खरे भांडण झाले ती. यादीत पाच नावे अशी होती, की ज्यांत भीम, दीक्षा, धम्म हे शब्द होते. एक नाव तर आपल्याच वस्तीतल्या विहाराशी जुळणारे. १४ एप्रिलच्या आधी जयंती मंडळ किंवा विहार समिती वीस हजाराला घेईल, असा पुतण्याचा अंदाज.

वहिनी एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "बाबासायबाच्या नावाला तू भाव लावनार? आन् तेबी आपल्याच लोकायला?"

पुतण्याही गप्प बसणारा नाही. "आई, दीक्षाभूमीला मूर्ती इकतेत, कॅलेंडर इकतेत, पुस्तकं इकतेत. त्येंनी घेतले पैसे तर चालतंय, म्या घेतले तर पाप?"

त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही पुष्कळ विचार केला. पुस्तक विकणारा आपल्या हाती पुस्तक देतो. छापायला कागद लागला, कुणीतरी ते लिहिले, कुणीतरी डोक्यावर गठ्ठा वाहिला. चैत्यभूमीवर रात्रभर दुकान मांडून बसणाऱ्याच्या कष्टाचा पैसा आहे तो. नाव अडवून बसणारा काय देतो? वाटेत आडवा घातलेला ओंडका बाजूला करतो, आणि त्याचे पैसे मागतो. ओंडका त्यानेच टाकलेला.

आणि नावाची किंमत आपल्या मराठवाड्याला सांगायची काय गरज? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोपर्यंत सोळा वर्षे गेली होती. ते एक नाव लागावे म्हणून जे गेले त्यांच्यापैकी कुणाला त्यातून पैसा मिळणार नव्हता. त्याच जिल्ह्यातल्या मुलाने ते नाव वीस हजारांच्या आशेने अडवून ठेवावे, हे आमच्याने पाहवले नाही. हे आम्ही पुतण्याला रागाने नाही, शांतपणे सांगितले. नामांतराच्या वेळी त्याचा जन्मही झाला नव्हता, आणि आम्ही मोठ्यांनी त्याला हे सगळे कधी बसवून सांगितलेले नव्हते.

मात्र ही नावे कुणीच घेऊ नयेत असे आमचे मत नाही. उलट आपल्या महापुरुषांशी, विहारांशी जुळणारे नाव एखाद्या विघ्नसंतोषी माणसाच्या हाती पडले तर तो त्यावर काहीही घाण टाकू शकतो. म्हणून विहार समित्यांनी, वाचनालयांनी, जयंती मंडळांनी आपापले नाव आपणच घेऊन ठेवावे. वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च आहे, वर्गणीतून सहज निघतो. नोंदणी मात्र एखाद्या मुलाच्या खाजगी ई-मेलवर करू नये, समितीच्या नावाने करावी. मुलगा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, हे दोन-तीन ठिकाणी घडलेले आम्ही पाहिले आहे.

घरच्या पैशाचा निर्णय उरला होता. दीघ निकायातील सिंगालोवाद सुत्तात भगवंतांनी राजगृहाच्या सिंगालाला गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग घरखर्चाला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. त्याच सुत्तात धन नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत, त्यांत जुगार एक. पुतण्याने विचारले, "मग हा कामधंदा का जुगार?" आमचे उत्तर असे, की गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून, माहिती काढून, विकले गेले नाही तरी चूल बंद पडणार नाही अशा पैशातून चार-दोन नावे घेतली तर तो धंदा. व्याजाने पैसे काढून दीडशे नावे घेतली तर तो जुगार, मग त्याला गुंतवणूक म्हणा की आणखी काही. शिवाय या घरात दोन भाग बाजूला काढण्याइतकी मिळकतच नाही. जे होते ते चौथ्या भागातले, अडीअडचणीचे, आणि त्यावर पुतण्याच्या धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचा खर्च अवलंबून होता. मुलगी दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही.

गटाचे कर्ज घेतले नाही. कंपनीची तीन नावे आधीच सोडली होती, एक विकले होते. बाकी साठांपैकी एक्कावन्न नावांचे नूतनीकरण केले नाही. ती एकेक करून मुदत संपून गेली. पुतण्याला पहिले काही दिवस फार जड गेले. नंतर तो रोज उठून पाहायचा, की सोडलेली नावे कुणी उचलली काय. तीन महिन्यांत एकही कुणी उचलले नाही. आम्ही शंभर वेळा सांगून जे त्याला पटले नसते, ते त्याला तिथे दिसले.

विहाराशी जुळणारे नाव त्याने समितीला नोंदणीच्या खर्चात दिले. तिथे अभ्यासिकेच्या वेळा, स्पर्धा परीक्षांच्या तारखा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती टाकायचे काम त्याच्याकडेच आहे. ते पान पाहून फुलांचा धंदा करणाऱ्या एका दुकानदाराने त्याच्याकडून आपले पान करून घेतले, साडेचार हजार रुपयांना. नाव दुकानदाराचेच होते. आता भोकरहूनही एकाने विचारणा केली आहे. बाकी आठ नावे त्याने स्वतःच्या कमाईतून राखून ठेवली आहेत, आम्ही त्याला अडवले नाही. बहिणीची फी जूनमध्ये भरली.